पाव, पान आणि पुरण

जपानमध्ये गल्लीतल्या बेकरीत शिरलं की आधी ट्रे आणि चिमटा उचलायचा, मग मांडलेल्या पावांतून हवे ते आपले आपण घ्यायचे. चिमट्यात येतं ते बहुतेक सारण भरलेलं असतं: अझुकी या लाल कडधान्याचं गोड वाटण, कस्टर्ड, जॅम. आपल्याकडे पाव म्हटलं की सोबत भाजी, मिसळ नाहीतर चहा हवाच. तिथला पाव एकटाच खातात. हा फरक पडला तो पाव तिथे ज्या वाटेने रुजला, तिच्यामुळे.

सुरुवात मात्र दोघांची एकच. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे. ते १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि पुढे त्यांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाऊ लागली. लुईस फ्रोइस हा जेझुइट पाद्रीही आधी गोव्यात राहून मगच जपानला गेला. १५६९ मध्ये त्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून 'कोनपेइतो' भेट दिले. साखरेचे हे काटेरी दाणे पाहून आपल्याला संक्रांतीचा हलवाच आठवेल. करायची रीतही तीच: तापल्या भांड्यात दाणे हलवत थोडा थोडा पाक सोडायचा आणि काटा फुलेपर्यंत धीर धरायचा.

कोनपेइतो टिकले, पोर्तुगिजांकडूनच आलेला 'कासुतेरा' केक नागासाकीचाच होऊन गेला. पाव काही टिकला नाही. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांवरही. गोव्यात पोर्तुगीज राहिले आणि पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, तोही राहिला.

पाव पुन्हा वर आला तो मेइजी काळात, म्हणजे सम्राट मेइजींच्या राजवटीत. सामुराई घराण्यातल्या यासुबेई किमुराने १८६९ मध्ये तोक्योत बेकरी काढली. यीस्ट मिळणं मुश्कील. गोव्याच्या पोदेराने तीच अडचण माडाच्या सुरेने सोडवली होती. किमुराने साके करतात तसं तांदूळ आणि कोजी बुरशीचं आंबवण वापरलं. पण नुसता पाव भात खाणाऱ्यांना रुचेना. १८७४ मध्ये त्यात अझुकीचं गोड वाटण भरलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हा 'अनपान'. मला तर ही पुरणपोळीचीच चुलत बहीण वाटते, फक्त लाटलेली नाही, फुगलेली. ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला. त्यासाठी मधोमध बेंबीसारखा खळगा करून त्यात खारवलेलं चेरीचं फूल बसवलं होतं. तोक्योच्या गिंझा भागातल्या 'किमुराया' या किमुराच्या बेकरीत तसा अनपान आजही मिळतो.

मग रांगच लागली. १९०० मध्ये किमुरायाचा जॅमपान, १९०४ मध्ये नाकामुराया बेकरीचा क्रीमपान. हीच ती नाकामुराया, जिच्या मालकांनी १९१५ मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना लपवून ठेवलं. पुढे बोस त्यांचे जावई झाले आणि १९२७ मध्ये दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली.

साधा पाव घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकन गहू आणि शाळेतलं जेवण यांच्या जोरावर. आज बेकरीत त्याचा वेगळा कोपरा असतो. पण त्याचं नाव 'शोकुपान', म्हणजे जेवणातला पाव.