आरटीओचा नियम आणि स्पर्धेचा नियम: गाडीच्या आतल्या बदलांना लागणारी दोन वेगळी मापे

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या एखाद्या गॅरेजमध्ये हौशी शर्यतीसाठी गाडी तयार होऊ लागली की एक वाद हमखास निघतो. चालक म्हणतो, "स्पर्धेच्या पुस्तकात मागची सीट काढायला परवानगी आहे, मग आरटीओची काय हरकत असणार?" मिस्त्री म्हणतो, "दादा, ही गाडी अशीच सगळीकडे फिरते, आजवर कुणी अडवली नाही. मग स्पर्धेत कोण अडवणार?" दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. मोटार वाहन कायदा आणि स्पर्धेचे नियमपुस्तक या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीने दिलेली परवानगी दुसरीकडे चालत नाही आणि एकीचे मौन दुसरीकडे पुरावा ठरत नाही.

आधी रस्त्याची बाजू पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. याच कलमाच्या स्पष्टीकरणात, बदल म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्याला धक्का लावणारा रचनेतील फेरफार, असे म्हटले आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ आणखी घट्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२अ आले. त्यानुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नजरेतून सुटू देऊ नयेत, कारण शर्यतीसाठी तयार होणाऱ्या गाडीत बदल एकटादुकटा कधीच नसतो.

आता स्पर्धेची बाजू. आपल्याकडे अधिकृत मोटार स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, या संस्थेच्या नियमांखाली होतात. ही संस्था पॅरिसस्थित एफआयए या जागतिक मोटार क्रीडा संघटनेशी संलग्न आहे. एफआयएच्या क्रीडासंहितेला जोडलेल्या परिशिष्ट जे मध्ये गाड्यांचे तांत्रिक नियम आहेत आणि त्यातील कलम २५२ मधली तीन तत्त्वे सगळ्या अर्थ लावण्याच्या मुळाशी आहेत. पहिले तत्त्व असे की स्पष्ट परवानगी नसलेला प्रत्येक बदल निषिद्ध आहे. दुसरे असे की परवानगी असलेल्या बदलाच्या ओघात परवानगी नसलेला बदल घडता कामा नये. तिसरे असे की गाडी स्पर्धेच्या पूर्ण काळात नियमांत बसते हे तपासनिसांना आणि पंचांना पटवून देण्याची जबाबदारी स्पर्धकाची आहे.

वरवर पाहता दोन्ही व्यवस्था "नाही" इथूनच सुरुवात करतात, आणि गोंधळाचे खरे कारण हे साम्यच आहे. फरक आहे तो तुलना कशाशी करायची यात. आरटीओच्या दृष्टीने तुलनेचा आधार म्हणजे आरसीवरचा, अर्थात नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तपशील: आसनक्षमता, रिकाम्या गाडीचे वजन, इंधन, रंग, बांधणीचा प्रकार. गाडी त्यापासून कुठे आणि किती सरकली, एवढेच तो कायदा पाहतो; ती का सरकली याच्याशी त्याला कर्तव्य नाही. स्पर्धेचा तपासनीस गाडी प्रवेश घेतलेल्या वर्गाच्या नियमांशी ताडतो आणि प्रत्येक बदलाला कोणत्या कलमाचा आधार आहे हे विचारतो. काही बदल तर त्याला हवेच असतात. एकच गाडी एकाच दिवशी आरटीओच्या मते फार बदललेली आणि तपासनिसाच्या मते पुरेशी न बदललेली असू शकते, आणि दोन्ही निष्कर्ष बरोबर असतात.

मागच्या सीटचे उदाहरण घेऊ. स्पर्धेच्या पुष्कळ वर्गांत ती काढता येते. रस्त्यावर मात्र आरसीवर पाच माणसांची नोंद असताना गाडीत दोनच आसने उरली, तर विसंगती थेट कागदावर उमटते. पायाखालचा गालिचा काढला, तर माझ्या मते आरसीवरचा कोणताही तपशील हलत नाही, आणि त्याला रचनेतील मूलभूत बदल म्हणणे ओढूनताणून होईल. आतला प्रत्येक बदल बेकायदा आहे असे सरसकट सांगणारेही म्हणूनच नियम नीट वाचत नाहीत. कलम ५२ ची धार सगळ्यात जास्त लागते ती आसने, वजन आणि सांगाडा यांना.

गालिच्याचाच प्रश्न स्पर्धेच्या बाजूने पाहिला तर तो अधिक नाजूक होतो. परिशिष्ट जे मधल्या ग्रुप ए या वर्गाच्या नियमांत गालिचे मोकळे सोडलेले आहेत, म्हणजे ते काढता येतात. पण गालिच्याखाली जमिनीच्या पत्र्यावर चिकटवलेले आवाजरोधक डांबरी थर असतात. ते गालिच्यात मोडतात का? गालिच्याची परवानगी वाचून छिन्नी आणि हीटगन घेऊन ते थर खरवडायला बसणारे अनेक जण असतात. पहिल्या तत्त्वाप्रमाणे त्या थरांना वेगळी परवानगी लागते; ती वर्गाच्या नियमांत नसेल तर थर राहू द्यावेत. दरवाजांबाबत हाच नियम किती काटेकोर असू शकतो ते पाहण्यासारखे आहे. आतले ध्वनिरोधक साहित्य काढता येते, पण त्यामुळे दरवाजाचा आकार बदलता कामा नये, आणि मूळ पॅनेलऐवजी पत्रा बसवायचा असेल तर तो किमान ०.५ मिमी जाडीचा हवा, कार्बन फायबर असेल तर १ मिमी, आणि दुसरे एखादे घन, न जळणारे साहित्य असेल तर २ मिमी. इथे बदलण्याची परवानगी आहे, उघडे ठेवण्याची नाही. काढणे आणि बदलणे या दोन परवानग्यांची सरमिसळ झाली की लोखंडी पट्ट्या आणि तारा उघड्या असलेला दरवाजा घेऊन माणूस तपासणीला उभा राहतो आणि परत पाठवला जातो.

डॅशबोर्डचेही तसेच. डॅशबोर्डखालची, त्याचा भाग नसलेली आवरणे काढता येतात. मधल्या कन्सोलचा ज्या भागात हीटर किंवा मापक यंत्रे नाहीत तेवढा भागही काढता येतो. पण डॅशबोर्ड स्वतः जागेवर राहायला हवा. एसीचे व्हेंट काढले म्हणून त्यामागची वाहिनी कापली, वाहिनी कापली म्हणून आधाराची पट्टी काढली, असे पुढेपुढे सरकणे दुसऱ्या तत्त्वाने अडवलेले आहे. हे सगळे ग्रुप ए चे उदाहरण झाले. आपला वर्ग कोणता आणि त्या स्पर्धेचे पूरक नियम काय म्हणतात, हे प्रत्येकाने आधी वाचायला हवे.

सुरक्षेच्या साहित्याकडे वळल्यावर या दोन व्यवस्थांमधला फरक कागदापुरता राहत नाही, थेट अंगावर येतो. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चालकावर दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा, घ्या. एफआयएच्या नियमांत मुख्य कमान थंड अवस्थेत ओढून बनवलेल्या, सांधा नसलेल्या कार्बन पोलादी नळीची, ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २.० मिमी मापाची लागते; प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाचा आणि ३ मिमी जाडीचा पत्रा आणि बोल्ट लावायचा असेल तर किमान तीन एम८ बोल्ट लागतात. ही नळी चालकाच्या डोक्यापासून हातभर अंतरावरही नसते. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, नळीवर विहित दर्जाचे फोम असते आणि शरीर हार्नेसने, म्हणजे शर्यतीच्या अनेक-पट्टी बेल्टने, सीटला घट्ट बांधलेले असते. तीच गाडी घेऊन कुणी हेल्मेटशिवाय बाजारात गेला आणि परशुराम घाटात मागून एखादा ट्रक धडकला, तर जीव वाचवायला बसवलेली नळीच कवटी फोडू शकते. रस्त्याच्या कायद्याने केजकडे संशयाने पाहावे याला कागदापलीकडचे हे कारण आहे, आणि ते मला पूर्णपणे पटते.

हार्नेसचे तेच. गाडीच्या मूळ सीटबेल्टच्या पट्ट्यात रीळ असते. ते एरवी माणसाला पुढे वाकू देते आणि धक्क्याच्या क्षणी अडकते. शर्यतीच्या हार्नेसला रीळ नसते. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे, आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त खाली न उतरता बांधायचे असतात, आणि मांड्यांमधला पट्टा शरीराला खाली घसरू देत नाही. मूळ कापडी सीटवर स्वस्त चार-पट्टी हार्नेस लावून फिरणाऱ्याला या दोहोंपैकी कशाचाच पुरता लाभ मिळत नाही. एअरबॅगचा प्रश्न आणखी टोकाचा आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात प्रवासी कारमध्ये चालकाची एअरबॅग बंधनकारक आहे. ती मूळ पट्टा आणि मूळ सीटमधली बसण्याची ठेवण गृहीत धरून बनवलेली असते. शर्यतीचे स्टिअरिंग बसवताच ती जाते. शर्यतीची खोलगट बकेट सीट बसवली की सीटच्या कडेत असलेली बाजूची एअरबॅग जाते. स्पर्धेत ते स्वाभाविक, रस्त्यावर तीच मोठी त्रुटी. शिवाय एअरबॅगमध्ये स्फोटक दारू असते, त्यामुळे बॅटरीची तार न सोडता ती उचकटणे हा मिस्त्रीच्या जिवाशी खेळ आहे.

मग रॅलीचे काय, असा प्रश्न येतोच. रॅलीत वेग मोजला जाणारा टप्पा वाहतुकीला बंद असतो, पण एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना गाड्या साध्या रस्त्यानेच जातात आणि तिथे सिग्नल, वेगमर्यादा, कागदपत्रे सगळे लागू असते. म्हणजे दोन्ही मापे एकाच गाडीला एकाच दिवशी लागतात. आयोजकांनी घेतलेली शासकीय परवानगी त्या स्पर्धेपुरती असते. स्पर्धा संपल्यावर तीच गाडी आंबोली घाटातून घरी आणताना ती कामाला येत नाही. परवानगीविना सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा तर कलम १८९ खाली वेगळाच गुन्हा आहे. विम्याचे कलमही वाचून घ्यावे. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादेखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांच्या जोडीने विश्वासार्हता चाचण्याही (रिलायबिलिटी ट्रायल्स) वगळलेल्या असतात. वेगाची स्पर्धा नाही, फक्त ठरलेल्या वेळेत पोहोचायचे आहे, म्हणून वेळ-अंतराच्या रॅलीला निर्धास्तपणे जाणाऱ्यांनी हे वगळलेले शब्द विशेष लक्षपूर्वक पाहावेत.

कोकणात याला हवामानाची जोड आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत केजच्या पायाखालचा पत्रा आणि गाडीचा मूळ पत्रा यांच्या फटीत ओल धरते, आणि रंग न लावता बसवलेला जोड एका पावसाळ्यात आतून गंजू लागतो. गालिचा काढलेल्या गाडीत हा गंज निदान दिसतो. गालिचा ठेवलेल्या गाडीत इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतील (फायरवॉल) रबरी बुचांतून शिरलेले पाणी महिनोन्‌महिने खाली साचून राहते. हार्नेस डिकीत गुंडाळून ठेवला तर पट्ट्यांवर बुरशी चढते, आणि तपासनीस लेबलावरची तारीख पाहण्याआधी विणीकडे पाहतो. सीटचीही मुदत असते: एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट निर्मितीपासून पाच वर्षांपर्यंत ग्राह्य धरली जाते. "बोल्टचा केज आहे, स्पर्धा झाली की काढून ठेवू" हा उपायही वाटतो तितका सरळ नाही, कारण नळ्या निघाल्या तरी गाडीच्या तळात पाडलेली भोके आणि जोडलेले पत्रे राहतात.

माझे मत विचाराल, तर ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मोकळ्या जागेत आखलेल्या छोट्या मार्गावर वेळ मोजणाऱ्या स्पर्धेच्या, ज्या वर्गात मूळ अवस्थेतली गाडी चालते, तिथे रोजची गाडी जशीच्या तशी न्यावी: सैल सामान, मॅट आणि स्टेपनी यांचे काय करायचे ते पूरक नियमांत पाहावे आणि थांबावे. केज लागेल अशा वर्गात उतरायचे असेल तर वेगळी गाडी घ्यावी आणि ती फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट हौद्याच्या ट्रकवर लादून, न्यावी. कोकणात कायमस्वरूपी रेसिंग ट्रॅक नाही, त्यामुळे घाट चढून जाण्याचा हा खर्च मोठा असतो हे खरे. पण एकाच गाडीला दोन्ही मापांत बसवण्याच्या धडपडीत सहसा ती एकाही मापात नीट बसत नाही.

कापाकापीपूर्वी शंका असेल तर आयोजकांच्या तांत्रिक प्रमुखांना लेखी विचारावे, आणि "आतले काढले तर चालेल का" असे मोघम विचारू नये. वर्गाचे नाव, कलमाचा क्रमांक, गाडीचे मॉडेल आणि वर्ष, कोणता भाग काढायचा, त्याजागी काय बसणार, त्यामुळे शेजारच्या कोणत्या भागाला हात लागणार, हे लिहून जोडीला फोटो द्यावा. उत्तर आले की त्याची छापील प्रत नियमपुस्तकासोबत गाडीत ठेवावी, कारण तपासणीच्या वेळी "अमुक साहेब फोनवर हो म्हणाले होते" या वाक्याला काहीच आधार नसतो.