नो-गो गेज आणि फील्ड गेज: जुन्या एम१ गॅरंडची हेडस्पेस तपासताना

आयटीआयमध्ये मशिनिस्टचं काम शिकलेल्याला गो आणि नो-गो प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचे दट्टे, समजावून सांगावे लागत नाहीत. गो आत गेला पाहिजे. नो-गो गेला की जॉब रिजेक्ट. हीच सवय जुन्या रायफलीच्या चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला, लावली की घोटाळा होतो. तिथे फील्ड नावाचा तिसरा गेज असतो, आणि वापरातली रायफल बाद ठरवायचं काम त्याचं असतं, नो-गोचं नव्हे.

बोल्ट म्हणजे काडतुसामागून चेंबर बंद करणारा भाग. तो पूर्ण लॉक झाल्यावर त्याच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावरच्या (चेंबर जिथे निमुळतं होतं तिथल्या) ठरलेल्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या गॅरंडसाठी, म्हणजे .३०-०६ काडतुसासाठी, गो गेज १.९४० इंचांचा, नो-गो १.९४६ चा आणि फील्ड १.९५० चा. गेज चेंबरमध्ये ठेवून बोल्ट त्यावर बंद होतो का, ते पाहायचं. नो-गो आणि फील्डमधला फरक चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग), साधारण ०.१ मिलिमीटर. छपाईच्या कागदाच्या जाडीएवढाच.

नो-गो हा नवी नळी बसवणाऱ्याचा गेज आहे. ताज्या रीम केलेल्या (कापून मापाला आणलेल्या) चेंबरवर बोल्ट नो-गोवर बंद झाला, तर काम चुकलं. पण अमेरिकेत शेवटची गॅरंड १९५७ च्या सुमारास बनली. तेव्हापासून लग (बोल्ट लॉक करणारे दात) आणि त्यांच्या खाचा थोड्या झिजल्या असणारच. अशी रायफल नो-गो गिळते पण फील्डवर अडते, तर ती वापरता येते, फक्त अधूनमधून पुन्हा मोजायची. फील्डवरही बंद झाली तर गोळी झाडायची नाही. बाजारात ‘नो-गो पास’ म्हणून जास्त पैसे मागतात, ते मात्र रास्त आहे.

गेज खोटं बोलत नाही, लावणारा चुकतो. रायफल आणि चेंबर रिकामं असल्याची खात्री करून ती खोला, ऑपरेटिंग रॉडची (बोल्ट मागेपुढे नेणाऱ्या दांड्याची) स्प्रिंग काढा. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा), इजेक्टर (ती बाहेर फेकणारा) आणि काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन काढा. इजेक्टरची स्प्रिंग गेजला एका बाजूने ढकलत राहते आणि हाताला कळणारा अडथळा फसवा होतो. चेंबर ब्रशने घासून कोरडं पुसा. खांद्यावर साचलेला कार्बन हेडस्पेस कमी दाखवतो, म्हणजे खराब रायफल चांगली भासते. गेज हाताने चेंबरमध्ये ठेवा, बोल्ट हळू पुढे आणा आणि बोटाच्या टोकाने फिरवा. अडला की थांबा. लगांचा उतार पाचरीसारखा काम करतो. जोर लावलात तर बोल्ट नो-गोवरही बंद होईल आणि कडक पोलादाचा गेज खांद्यावर वळ उठवेल. स्प्रिंगच्या जोरावर बोल्ट सोडणं तर नकोच.

बोल्ट गो गेजवरही बंद होत नसेल तरी खूश होऊ नका. चेंबर आखूड आहे किंवा घाण राहिली आहे. अशा रायफलीत काडतूस पूर्ण बसत नाही आणि बोल्ट अर्धवट लॉक होऊ शकतो.

हेडस्पेस जास्त असली तर होतं काय? पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे सरकतं, दाबामुळे पुंगळीच्या पुढच्या भिंती चेंबरला चिकटतात आणि बूड मागे बोल्टकडे ताणलं जातं. बुडाच्या जरा वर पितळ पातळ होऊन चकचकीत कडं दिसतं. पुढे पुंगळी तिथेच तुटते. पण कडं दिसलं म्हणून लगेच चेंबरला दोष देऊ नका. काडतुसं पुन्हा भरणाऱ्याने साइझिंग डाय (पुंगळी दाबून मापाला आणणारा साचा) खूप खाली लावली असेल, तर प्रत्येक वेळी खांदा मागे ढकलला जाऊन उत्तम चेंबरमध्येही हेच होतं. झाडलेली पुंगळी मोजून हेडस्पेस ठरवणंही गॅरंडसारख्या, पुंगळी आपोआप काढणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बेभरवशाचं: थोडा दाब शिल्लक असतानाच ती ओढली जाते, त्यामुळे खांदा चेंबरपेक्षा पुढे गेलेला दिसू शकतो.

फील्डवर नापास झालेली रायफल नळी बदलण्याआधी दुसऱ्या बोल्टवर तपासा. गॅरंडच्या बोल्टवर रायफलीचा अनुक्रमांक नसतो, डी२८२८७ सारखा ड्रॉइंग नंबर असतो. सैन्याच्या दुरुस्तीत सुटे भाग सर्रास अदलाबदल झाले, त्यामुळे आत बसलेला बोल्ट मूळचा असेलच असं नाही. दोन-तीन बोल्ट गोपासून फील्डपर्यंत लावून पाहिले, तर अनेकदा तेवढ्यावरच काम भागतं.