लेकराला गुंगीचं औषध देऊन दात काढला, मग लगेच गाडीवर बसवू नका

खेड्यातून लेकराचा किडका दात काढायला अमरावती नाहीतर नागपूरला नेलं की घरच्यांचं सगळं लक्ष सुईकडे असतं, दुखेल का, रडेल का, पण खरं सांभाळायचं असते ते श्वासाचं, आणि त्यातलं बरंचसं काम आपल्याच हातात असते.

लहान लेकरू खुर्चीत शांत बसावं म्हणून दोन पद्धती जास्त वापरतात. एक, नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साईड गॅस. तो रक्तात फार विरघळत नाही, म्हणून लवकर चढतो आणि शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की श्वासावाटेच निघून जातो. दुसरं मिडाझोलाम, हे बहुतेक पाजतात, डोस वजनावर ठरतो म्हणून वजन अंदाजानं सांगू नका, तिथंच करून घ्या. हे लिव्हरमधून हळूहळू निघते, त्यामुळे दात निघाला तरी गुंगी राहतेच. काही लेकरं उलट चिडतात, रडतात, मारतात, तोही औषधाचाच परिणाम आहे, रागावू नका त्याला.

उपाशी ठेवायला सांगतात ते यासाठी की गुंगीत गिळणं-खोकणं मंदावते, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. साधारण नियम असा की पाणी 2 तास आधीपर्यंत, आईचं दूध 4 तास, बाकी दूध आणि हलकं खाणं 6 तास, तळलेलं असलं तर 8. सकाळी आजीनं मायेनं दिलेला चहा-टोस्ट पण खाण्यातच धरायचा, दिला असेल तर लपवू नका, डॉक्टरला सांगा, तारीख पुढे गेली तरी चालेल. आणि मे महिन्याच्या उन्हात लेकराला उगाच तहानलेलं ठेवू नका, पाणी कधीपर्यंत चालेल ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आता परतीचं. लेकराची श्वासाची वाट अरुंद, जीभ त्या मानानं मोठी, आणि अंगात ऑक्सिजनचा साठा कमी. गुंगीत मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की ती वाट दबते. मोटरसायकलवर दोघांच्या मधात झोपलेलं पोरगं नेमकं असंच बसते, आणि मागच्याला वाटते दमलंय बिचारं, झोपू द्या! म्हणून ते स्वतः नीट जागं राहीपर्यंत, बोलेपर्यंत, आधाराशिवाय बसेपर्यंत दवाखान्यातून निघूच नका, शेवटची एसटी चुकली तरी चालेल पण हे नको. शक्यतो चारचाकी बघा, सोबत दोन मोठी माणसं, एक गाडी चालवायला आणि दुसरं फक्त मान सरळ आहे का, छाती हलते का, ते पाहायला. उठवूनही उठत नसेल, ओठ निळसर दिसले, घोरल्यासारखा आवाज आला, तर हनुवटी वर उचला आणि 108 लावा.

दात बधिर करायला दिलेल्या सुईमुळे घरी आल्यावर दोनतीन तास ओठ बधिरच असतो, लेकरू गंमत म्हणून तो चावत बसते आणि दुसऱ्या दिवशी सुजून पांढरा चट्टा दिसतो. बहुतेक वेळा तो पू नसतो, आपोआप भरते, मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका. बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका, नंतर थंड केलेली मऊ खिचडी, दही-भात चालते.