ग्रामसभा व शाळा समितीच्या बैठका (खानदेश)

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत गावचे प्रश्न कायद्याने चारचौघांत मांडायच्या दोन मुख्य जागा, ग्रामसभा आणि शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग. पाणी, रस्ता, घरकुलाची यादी ग्रामसभेत निघते, वर्गखोल्या, शौचालय, पोषण आहार शाळा समितीत, हे सगळ्यांना माहीतच आहे.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. काही अभ्यासक ग्रामसभेचं मूळ मराठाकाळातल्या गोतसभेत, म्हणजे पाटील, वतनदार, बलुतेदार मिळून बसायची त्या गावच्या न्यायसभेत, बघतात. गोतसभेच्या निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडापत्र, व्हायचा, त्यावर पाटलाची नांगराची निशाणी पडायची, बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करायचे. 1819 च्या अहवालात दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टननेही पंचायतीला बरंच महत्त्व दिलंय. पण गोतसभा बसायची ती मुख्यतः वतनाचे आणि हक्काचे तंटे तोडायला. म्हणून खानदेशापुरतं तरी फड पद्धतीकडे बोट दाखवणारं मत जास्त पटतं. पांझरा, कान या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी फिरवायची ही पद्धत, साधारण तीन-चारशे वर्षांची मानतात, कोणी अजून मागे नेतं. त्यात बागायतदार एकत्र बसून पंच नेमतात, यंदा कुठल्या फडात (जमिनीच्या पट्ट्यात) ऊस आणि कुठल्यात भुसार ते ठरवतात, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या ठेवतात, पाटातला गाळ काढायलाही सगळ्यांनी यायचं असतं, म्हणजे तंटा नसतानाही दरवर्षी बसायची सवय इथे आधीपासून होती. तरी फडाच्या बैठकीत भूमिहीनाला जागा नव्हती, ती कायद्याने दिली, हे विसरून चालणार नाही.

तो कायदा म्हणजे 1958 चा मुंबई (आता महाराष्ट्र) ग्रामपंचायत अधिनियम, आणि 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेला घटनेचा आधार आला. वर्षाला किमान चार सभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. कोरम नसला की सभा तहकूब आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, खरी गोम इथेच आहे, मोजकी माणसं बसून ठराव करून टाकतात आणि तो प्रोसिडिंग बुकात अख्ख्या गावाचा म्हणून चढतो. नंदुरबार, साक्रीकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांना 26 जानेवारीची सभा गाठताच येत नाही. सभेच्या तारखा ठरवताना हे धरायलाच पाहिजे. बोलणंही अहिराणीत, भिलीत, पावरीत होतं, लिहिलं जातं ग्रामसेवकाच्या मराठीत, म्हणून ठराव लिहून झाल्यावर तिथेच मोठ्याने वाचून घ्यावा आणि मगच सही-अंगठा करावा.

पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली (1996, राज्याचे नियम 2014) धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात पाड्याचीसुद्धा स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. सातपुड्यात एका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगरभर पसरलेले असतात, तिथे याची फार गरज आहे.

शाळेच्या बाजूने बघितलं तर 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडून त्यांच्याकडे गेल्या. नंतर गावोगाव ग्रामशिक्षण समित्या होत्या. आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. शहरांतली शिक्षण मंडळं 2013 च्या सुमारास कायद्यात बदल करून बंद केली, ते काम आता नगरपालिका-महापालिकांकडेच आहे.