पार्श्वभूमी : ‘हॉकीप्रेमी’ की प्रशिक्षक?

खडकीतले आमचे हॉकीचे सर गेले तेव्हा एका दैनिकाच्या आतल्या पानावर दोन ओळी आल्या : ‘ज्येष्ठ हॉकीप्रेमी यांचे निधन’. ‘प्रशिक्षक’ हा शब्द कुठेच नव्हता. इकडे फोन मात्र रात्री बारापर्यंत वाजत होता. पन्नाशीला आलेली पोरं एकमेकांना सांगत होती, सर पहिल्यांदा कुठे भेटले, काय म्हणाले, काठी कोणती दिली. सगळ्या आठवणी नऊ ते तेरा या वयातल्या. बातमीदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. हॉकीत ‘प्रशिक्षक’ हा शब्द उशिरा आला, आणि आला तोही वरच्या मजल्यावर. तळमजल्यापर्यंत तो धड पोचलाच नाही.

खडकीत हॉकी का, हे वेगळं सांगायला नको. लष्कराची छावणी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि कामगारांच्या वसाहती. त्याच वसाहतीत वाढलेला एक मुलगा, धनराज पिल्ले, पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला. त्याच्याआधीचं, म्हणजे कोलकात्याचा १८९५ चा बायटन चषक, मुंबईचा १८९६ चा आगाखान वगैरे जुन्या हॉकी स्पर्धांचं, पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं आहे.

गुंता आहे तो शब्दाचा. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन सुवर्णपदकांच्या संघांबरोबर बोटीने जे गेले, त्यांना म्हणत व्यवस्थापक. खेळ शिकवायचा तो पलटणीतला सुभेदार, नाहीतर शाळेतला ड्रिलमास्तर. त्या तिन्ही पदकांच्या नायकाला, ध्यानचंदला, हॉकीची गोडी लावली, तीही त्याच्याच पलटणीतल्या एका सुभेदार-मेजरने. त्या माणसाला हयातीत कुणी ‘कोच’ म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पन्नाशीच्या दशकात ऑलिंपिक संघाबरोबर प्रशिक्षक दिसू लागला आणि १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था उघडली. तोच नायक निवृत्तीनंतर तिथे हॉकीचा मुख्य प्रशिक्षक झाला. पण तिथून शब्दाचे दोन तुकडे पडले. एक ‘पतियाळा करून आलेला’, ज्याच्याकडे पदविका आणि म्हणून नेमणूक. दुसरा नुसताच मैदानावर उभा असलेला. दुसऱ्याला मुलं ‘सर’ म्हणत, मोठे खेळाडू ‘मास्टर’ म्हणत, आणि कागदावर तो कुणीच नसे.

आमचे सर दुसऱ्या तुकड्यातले. कारखान्याच्या मस्टरवर ते फिटर होते. पहिली पाळी असली तर मैदान संध्याकाळी, दुसरी असली तर पहाटे. मी पहिल्यांदा गेलो तो थोरल्या भावाच्या मागे मागे. सरांनी ढिगातून एक काठी काढली, माझ्या कमरेला लावून पाहिली आणि वरचा दोन बोटं भाग करवतीने उडवला. मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळली. मी डावखुरा, त्यामुळे उजवा हात वर, डावा खाली, अशी क्रिकेटच्या बॅटसारखी ती धरली. सर हसले.

‘अरे, हॉकीत डावी काठी बनतच नाही. सपाट बाजू एकच. डावा हात वर घे.’

मी हिरमुसलो असणार. ते खाली उकिडवे बसले, माझे हात बदलले आणि म्हणाले, ‘वरचा हात काठी फिरवतो, खालचा नुसता धरतो. बाकीच्या पोरांना तो डावा हात शिकवायला मला वर्ष लागतं. तुझा आयता आहे.’

त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं खेळलो. कुठल्याही संघात निवडला गेलो नाही, हा भाग वेगळा.

शब्दाचा खरा वाद १९८५ नंतरचा. त्या वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि प्रशिक्षकाचं मोजमाप शिष्याच्या पदकांवर होऊ लागलं. ऐकायला रास्त वाटतं. पण पदक मिळतं पंचविशीत, राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून. तेव्हा शेजारी उभा असतो तो शिबिराचा प्रशिक्षक. नवव्या वर्षी हात बदलून देणाऱ्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं? पुरस्काराच्या यादीवरून जवळजवळ दरवर्षी कुरबूर होते, तिच्या मुळाशी बहुतेकदा हाच प्रश्न असतो : शिष्य नेमका कुणाचा? वरच्यांचं म्हणणं असं की पाया घालणारे हजार असतात, कळस चढवणारा एखादाच. हे मला कधी पटलं नाही. तरी एवढं मान्य केलं पाहिजे की नियम कागदावर चालतात आणि आमच्या सरांसारख्यांकडे कागद नसतो. हजेरीची एक वही होती, तीही पावसात गेली.

खेळही वरच्या प्रशिक्षकाच्या बाजूने सरकला. १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिक कृत्रिम मैदानावर गेलं आणि भारत सातवा आला, ते सर्वांना पाठ आहे. त्याहून कमी बोललं जातं ते बदली खेळाडूंबद्दल. नव्वदच्या दशकात हवे तेवढे खेळाडू हवे तेव्हा बदलायची मुभा आली आणि बाकावरचा माणूस सामना चालवू लागला. त्याआधी शिट्टी वाजली की त्याच्या हातात फारसं काही उरत नसे. पुढे ३५ मिनिटांच्या दोन डावांऐवजी १५ मिनिटांचे चार भाग झाले, म्हणजे समजावून सांगायला आणखी दोन विश्रांत्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला संघाबरोबर पहिल्यांदा परदेशी प्रशिक्षक, एक जर्मन, गेला. त्यानंतर स्पॅनिश, ऑस्ट्रेलियन, डच असे इतके आले-गेले की नावं लक्षात ठेवणंही अवघड. मध्ये २००८ ला तर बीजिंगची पात्रताच हुकली. टोकियोला ४१ वर्षांनी पदक आलं, पॅरिसला २०२४ मध्ये पुन्हा कांस्य. दोन्ही वेळी कॅमेरे प्रशिक्षकावर वळले. वळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तळमजल्याची दखल कधीच घेतली गेली नाही, असंही नाही. २०१९ मध्ये मुंबईत वर्षानुवर्षं शाळकरी पोरांना खेळवणाऱ्या एका वयस्क पारशी गृहस्थांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य मिळाला. ती बातमी आमच्या सरांना कुणीतरी वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, ‘चला, एकाला तरी मिळालं.’ मी तिथे नव्हतो, पण आवाज ओळखीचा वाटतो.

तुतीच्या लाकडाच्या काठ्या तोवर मैदानावरून गेल्याच होत्या. लाकडी काठीला चीर गेली की सर ती घरी न्यायचे, सरस भरायचे, वर सुतळीचे घट्ट वेढे देऊन दोन दिवस पलंगाखाली ठेवायचे. फायबरच्या काठीला हे जमत नाही, ती तुटली की तुटली. अंत्यदर्शनाला गेलो तेव्हा पलंग भिंतीकडे सरकवलेला होता. त्याच्या मागे कोपऱ्यात सुतळी गुंडाळलेल्या तीन काठ्या उभ्या होत्या, तिन्ही लहान मुलांच्या मापाच्या.