टोरंटो मेपल लीफ्सची दोन जुनी घरं: कोणता इतिहास कुठला?

टोरंटो मेपल लीफ्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाचं जुनं घर, म्हणजे घरचं मैदान कोणतं, असं विचारलं की चाहते पटकन सांगतात, मेपल लीफ गार्डन्स. पण त्याआधी या संघाचं आणखी एक घर होतं: म्यूच्युअल स्ट्रीटवरचं अरीना गार्डन्स. दोन्ही नावांत 'गार्डन्स', दोन्ही जागा टोरंटोच्या मध्यवस्तीत, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. त्यामुळे पहिल्या घराच्या आठवणी सर्रास दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. मला हा त्या जुन्या वास्तूवर अन्याय वाटतो, कारण संघ घडला तो तिथे.

अरीना गार्डन्स १९१२ साली उघडलं. यंत्राने बर्फ गोठवायची सोय असल्यामुळे तिथला खेळ थंडीच्या लहरीवर अवलंबून नव्हता. १९१७ मध्ये एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, सुरू झाली तेव्हा टोरंटोचा संघ अरीनाची मालक कंपनीच चालवत होती. म्हणून संघालाही 'अरीनाज' म्हणू लागले. पुढे तो 'सेंट पॅट्रिक्स' झाला आणि १९२७ मध्ये कॉन स्माइथ यांच्या हाती आल्यावर 'मेपल लीफ्स'. हे तिसरं बारसंही म्यूच्युअल स्ट्रीटवरच्या मुक्कामातलं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

स्माइथना मात्र ती जागा अपुरी वाटत होती. महामंदी ऐन भरात असताना त्यांनी कार्लटन आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नवं बांधकाम काढलं. पैसा कमी पडला, तेव्हा स्माइथ यांचे सहायक फ्रँक सेल्की यांनी कामगार संघटनांना गळ घातली आणि कामगारांनी मजुरीचा पाचवा हिस्सा शेअर्सच्या रूपात घ्यायचं कबूल केलं. जून १९३१ मध्ये सुरू झालेलं काम इतक्या झपाट्याने उरकलं की १२ नोव्हेंबरला तिथे पहिला सामना झालासुद्धा. शिकागोने तो २-१ असा जिंकला. फेब्रुवारी १९९९ मधला तिथला शेवटचा सामनाही लीफ्स शिकागोकडूनच हरले.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती रेडिओ समालोचक फॉस्टर ह्यूइट यांच्याबाबतीत. बर्फापासून ५६ फूट उंचीवर टांगलेली त्यांची 'गोंडोला', म्हणजे समालोचनाची खोली, मेपल लीफ गार्डन्समधली. पण रेडिओवरून सामन्याचं वर्णन करायला त्यांनी सुरुवात केली ती १९२३ मध्ये, म्यूच्युअल स्ट्रीटवरून.

आइस हॉकीतल्या विजेतेपदाच्या स्टॅन्ली कपचंही तसंच. 'मेपल लीफ्स' या नावाने पहिला कप आला १९३२ मध्ये, नव्या घरात. १९६७ चा कपही तिथेच. पण एनएचएल सुरू झाल्यानंतरचे टोरंटोचे पहिले दोन कप, १९१८ आणि १९२२ चे, जिंकले गेले अरीना गार्डन्समध्ये.

आज मेपल लीफ गार्डन्सच्या पिवळसर विटांच्या भिंती जागेवर आहेत. आत तळाला किराणा सुपरमार्केट आहे. त्याच्या पंचविसाव्या रांगेत फरशीवरचा लाल ठिपका मैदानाचा मध्यबिंदू दाखवतो. वरच्या मजल्यावर विद्यापीठाची बर्फाची रिंक आहे. म्यूच्युअल स्ट्रीटवरची वास्तू मात्र १९८९ मध्ये पाडली गेली आणि तिथे निवासी इमारती आल्या. त्यामुळे १९१८ च्या कपची जागा शोधत कोणी सुपरमार्केटातल्या लाल ठिपक्यापाशी पोचला, तर त्याला अजून थोडं दक्षिणेला चालावं लागेल.