को-ऑपमध्ये कुणी काय करायचं? घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी माहितीपत्रक

सप्रेम सलाम.

मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य आणि परीक्षेच्या फॉर्मबद्दल मदत पुरवणं, एवढं आमचं पुण्यातलं छोटंसं काम. चार-सहा कुटुंबं मिळून आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये वर्ग भरवतात, त्याला आपण को-ऑप म्हणतो. नवा गट जमला की आम्हाला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टीचर कोण पाठवणार?"

टीचर कुणी येणार नाही. टीचर तुम्हीच. आमच्याकडे भरलेले पैसे पुस्तकांचे आणि प्रयोगाच्या किटच्या भाड्याचे असतात, हॉलचं भाडं तुमचं तुम्ही वाटून घ्यायचं. बाकी सगळा व्यवहार भिशीसारखा, फक्त पैशांच्या जागी वेळ. तुमच्या मुलाला दुसऱ्याच्या आईनं गणित शिकवलं ही तुमची उचल झाली. पुढचे हप्ते चुकवलेत तर भिशी बुडते, आणि ती कशी बुडते हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पाळ्या

पहिल्या बैठकीत बायबलची गोष्ट आणि चित्रकला यांना भराभर हात वर होतात. रसायनशास्त्राला एखादा, तोही बिचकत. तीन वर्षांखालच्या मुलांची खोली, खुर्च्या मांडणं आणि शेवटी बाथरूम बघणं, यांना एकही नाही. म्हणून आमचं सांगणं असं की यादी उलटीकडून भरा. नको असलेली कामं आधी वाटा, आवडीचे विषय मागाहून. सहा कुटुंबं असतील तर दर शुक्रवारी तिघांनी शिकवायचं, दोघांनी लहानग्यांच्या खोलीत बसायचं आणि एकानं राखीव राहायचं. राखीव पालकाला त्या दिवशी वर्ग नसतो. कुणाच्या घरी ताप आला की त्याची जागा तो घेतो. "नुसतं बसून काय करू?" असं म्हणत या पालकाला हळूच एक वर्ग देण्याचा मोह होतो. देऊ नका. ताप मुलांना वेळापत्रक बघून येत नाही.

वडिलांनाही यादीत घ्या. हिशेब, हॉलची चावी, खुर्च्या, सहलीची तिकिटं ही कामं नोकरी सांभाळून होतात. एकच उत्साही आई वर्ग घेते, चहा टाकते, झाडू मारते आणि व्हॉट्सॲपवर आठवणीही करते, असे गट आम्ही पाहिलेत. नाताळच्या करंज्या होईपर्यंत ती दम धरते, जानेवारीत तिचा निरोप येतो. तिच्या पाठोपाठ गटही जातो.

आमचं किट

प्रत्येक किट एका कुटुंबाच्या सहीनं जातं आणि त्याच सहीनं परत येतं. "गटानं घेतलं होतं" हे उत्तर आम्ही मानत नाही, कारण गटाच्या घरी जाऊन फुटलेली परीक्षानळी शोधता येत नाही. मागे एक किट परत आलं तेव्हा ड्रॉपर कुणाच्या तरी कंपासपेटीत होता, लिटमसचे कागद भिजून एकमेकांना चिकटले होते, आणि मोरचुदाचं, म्हणजे विषारी कॉपर सल्फेटचं, निळं पाणी पिण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं. देवाच्या कृपेनं ते कुणी सरबत समजून प्यायलं नाही. तेव्हापासून मोरचूद आम्ही आमच्याच लेबल लावलेल्या बाटलीत देतो आणि ते दुसऱ्या कशातही ओतू नये ही अट सहीच्या वर छापतो.

विश्वास

हा भाग गट घाईत उरकतात आणि मग वर्षभर निस्तरत बसतात. तुमच्यात कुणी कॅथलिक असेल, कुणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कुणी पेन्टेकॉस्टल. प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार यांवर सहसा सगळ्यांचं जमतं. अडतं ते बाप्तिस्म्यापाशी, म्हणजे बाळपणी की समज आल्यावर, आणि पवित्र मरियेपाशी. शिकवणारी बाई आपलं मत निरागसपणे सांगून जाते, आणि नऊ वर्षांचं पोर घरी येऊन विचारतं, "आई, माझा बाप्तिस्मा खरा नाही का?" त्या रात्रीचे फोन टाळायचे असतील तर कोणते विषय को-ऑपमध्ये घ्यायचे आणि कोणते प्रत्येकानं आपल्या घरी, नाहीतर चर्चच्या शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मवर्गात), हे लिहून सगळ्यांनी सही करा. अर्धं पान पुरतं.

जे वाटून घेता येत नाही

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेखही नाही. आपण उभे आहोत ते या मोकळ्या जागेत. को-ऑप ही शाळा नव्हे. ती दाखला देऊ शकत नाही, आम्हीही देऊ शकत नाही. कुणी तुमच्याकडे विचारणा केली तर उत्तर आई-वडिलांनीच द्यायचं. त्यासाठी मुलाच्या वह्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी तारखेनिशी जपून ठेवा.

परीक्षेचंही तसंच. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाकडे खासगीरीत्या बसायचं तर फॉर्म 17. फॉर्म कसा भरायचा ते आम्ही शेजारी बसून दाखवू, पण मुदतीची तारीख लक्षात ठेवणं को-ऑपवर सोपवू नका.

मुलांची सुरक्षा

कोणत्याही खोलीत मुलांबरोबर एकच मोठा माणूस असू नये. दोघं हवेत, आणि ते एकाच घरातले नसावेत. दार उघडं ठेवा. पाळकसाहेब असोत की गटातले सगळ्यात जुने काका, नियम सगळ्यांना सारखाच. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "आधी मंडळीत बोलू, घरातल्या घरात मिटवू" हे इथे चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098. हा आकडा हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

सहल

बहुतेक गट पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेलं मुक्ती मिशन बघायला केडगावला जातात. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर गाडीनं सोपं पडतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मिशनच्याच छापखान्यात तयार झालं, आणि छपाईचे खिळे जुळवायचं काम तिथल्या बायका-मुली करत. मुलांना हे नक्की सांगा, ती डोळे मोठे करून ऐकतात. पण त्याआधी फलाटावर डोकी मोजणारा एक जण ठरवा, दुसरं कुणी मोजायचं नाही. दोघांनी मोजलं की आकडे दोन येतात आणि गाडी तोवर हलते.

पाळ्यांचा कोरा तक्ता सोबत जोडला आहे. पहिल्या शुक्रवारच्या आधी भरून त्याची एक प्रत आमच्याकडे द्या, किट त्यानंतरच मिळेल. पेन्सिलनं भरा.